बेंगळुरूचं मोठं कलासंग्रहालय बघून आलो. सोलापूरला असं झालं तर भिंतीवर काय लावायचं?

मागावरचा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात कामानिमित्त उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेलो होतो. दुपार मोकळी मिळाली म्हणून कस्तुरबा रोडवरचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी बघितलं. तिथं सगळे त्याला नुसतं 'मॅप' म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही पाच मजली इमारत लोकांसाठी उघडली. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्येच, त्यांनी संग्रह ऑनलाइन दाखवायला सुरुवात केली होती. बाहेरून भिंती म्हणजे जुन्या लोखंडी पाण्याच्या टाकीला असतात तसे उठावाचे चौकोनी पत्रे. कल्पना टाकीचीच आहे म्हणे, मौल्यवान ते साठवून ठेवायचं. पाणी साठवणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको, त्यामुळं मला ती इमारत दारातच आवडली.

आत चित्रं, फोटो, मूर्ती सगळं आहे, पण मी अडकलो कापडापाशी. अंधुक उजेडात, काचेआड, नीट पसरून ठेवलेला विणलेला तुकडा. शेजारी पाटी. लोक हात मागं बांधून वाकून बघत होते. आमच्या घरात याहून बारीक काम ट्रंकेत घडी घालून पडलंय. माझे आजोबा, आम्ही ताता म्हणतो, पूर्व भागात, म्हणजे आपल्या विणकरांच्या वस्तीत, जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाईन काढायचे. चादरीवरचा मोर, वॉल हँगिंगवरचा पुढाऱ्याचा चेहरा, सगळं आधी ग्राफ पेपरवर. तो ट्रंक मी गेल्या दहा वर्षांत उघडलेला नाही.

तर प्रश्न असा. उद्या आपल्या गावात मोठी, धड बांधलेली आर्ट गॅलरी झाली, तर तिच्या भिंतीवर काय लावायचं? आणि आधी इमारत की आधी संग्रह?

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ९:५८

आधी पाणी. चार-चार दिवसांआड नळ येतो, त्यात गॅलरी कुठं काढलालाव?

भुईकोटचा_बुरूज | शनिवार, रात्री १०:१५

@शेंगाचटणी, पाणी पाहिजेच, त्यात वाद नाही. पण 'आधी हे, मग ते' म्हणत बसलो तर ते 'मग' कधी येतच नाही. माझी मुलगी दहावीला आहे, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्यात, आणि तिनं खरं तैलचित्र जवळून बघितलं ते पहिल्यांदा औंधला. साताऱ्यापर्यंत जावं लागलं.

औंध ज्यांनी बघितलं नाही त्यांनी बघाच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. एवढंसं संस्थान, पण राजा स्वतः चित्रकार होता. माझं उत्तर: आधी माणूस लागतो. इमारत आणि संग्रह दोन्ही त्याच्या मागून येतात.

कागदपेन्सिल | शनिवार, रात्री ११:०२

बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. मागावरचा, तुमचा प्रश्न मला झोपू देणार नाही.

भिंतीवर लावायला आपल्याकडे काही नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. आपल्या जिल्ह्यातला. मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलनं जे काढतात ते बघून माझे विद्यार्थी कागदाला हात लावून बघायचे, की हा फोटो तर नाही ना. मी त्यांना एकच गोष्ट दाखवायचो: नेहमी आपण पांढऱ्या कागदावर सावली चढवतो, काळ्या कागदावर उजेड चढवावा लागतो. उलटा विचार. छापील चित्रात ते कळत नाही. मूळ चित्र समोर असेल आणि खिडकीचा उजेड तिरपा पडला असेल तरच पेन्सिलीचे थर दिसतात. गॅलरी लागते ती एवढ्यासाठी.

पंढरीची_लेक | रविवार, सकाळी ७:२०

हुसेन यांचं नाव निघालं म्हणून लिहितेय. माहेर पंढरपूर, गेली अकरा वर्षं दोह्यात आहोत. इथं एज्युकेशन सिटीत नोव्हेंबर २०२५ मध्ये हुसेन यांच्या एकट्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं, 'लौह व कलम', म्हणजे पाटी आणि लेखणी. इमारत त्यांनीच काढून ठेवलेल्या रेखाटनावरून बांधलीय, निळी. आवारातच त्यांचं शेवटचं मोठं काम आहे, 'सीरू फी अल अर्द', काचेचे घोडे आणि जुन्या मोटारी असलेलं. ते २०१९ पासून लोकांना बघायला मिळतंय. आता त्याच्या शेजारी सगळं संग्रहालयच आलं.

आम्ही गेलो तेव्हा नवऱ्यानं शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाला सांगितलं, "ही त्यांच्या गावची." त्यातल्या आजीबाईंनी माझा हात हातात घेतला. मला रडू आलं. पाटीवर पंढरपूर लिहिलेलं वाचायला मला समुद्रापलीकडे यावं लागलं, आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटापासून देवळापर्यंत चालत गेलं तरी त्यांचं नाव कुठं दिसत नाही.

चार_पुतळे | रविवार, सकाळी ८:०५

त्यांच्या चित्रांवरून लोकांच्या भावना दुखावल्या होत्या, तेही लक्षात ठेवा ताई. उगाच देश सोडला नाही त्यांनी.

पंढरीची_लेक | रविवार, सकाळी ८:३१

लक्षात आहे दादा. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. राग असणाऱ्यांचा राग मी खोटा म्हणत नाही. पण जन्मगाव तर कुणाला बदलता येत नाही ना?

संपादक_मंडळ | रविवार, सकाळी ८:४५

हुसेन यांच्या वादावर जुना धागा आहे, ती चर्चा तिकडे करावी. इथं संग्रहालयाबद्दलच बोलू या.

मिलचा_भोंगा | रविवार, सकाळी १०:१०

मी टेक्स्टाईल इंजिनिअर. इमारतीबद्दल बोलायचं तर नवी बांधायचीच कशाला? आपली 'जुनी मिल' १८७७ ची. ज्यांनी कुठल्याही जुन्या मिलची शेड आतून बघितलीय त्यांना ते करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आठवत असेल. उभ्या दात्यांना काचा, आणि त्या काचा उत्तरेकडे. उत्तरेचं ऊन थेट आत येत नाही, दिवसभर एकसारखा थंड उजेड मिळतो आणि सुताचा रंग ओळखता येतो. चित्रकार स्टुडिओसाठी नेमका हाच उजेड शोधतात. कागदपेन्सिल सर सांगतीलच.

फ्रान्सच्या उत्तरेला रूबे नावाचं गाव आहे. सोलापूरचं भावंडच म्हणा: लोकरीच्या गिरण्या, बाहेरून आलेले कामगार, मग गिरण्या बंद. तिथं १९३२ मध्ये कामगारवस्तीसाठी पोहण्याचा तलाव बांधला होता, मोठ्या रंगीत काचांच्या कमानींचा. १९८५ मध्ये तो बंद पडला. २००१ मध्ये त्याच इमारतीत कलासंग्रहालय सुरू झालं, नाव तेच ठेवलं, 'ला पिसीन', म्हणजे तलाव. मधली पाण्याची पट्टी तशीच ठेवलीय, दोन्ही बाजूंना पुतळे, आणि कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये वस्तू मांडल्यात. जागा पुरेना म्हणून २०१८ मध्ये वाढवलं.

मी तिथं गेलो होतो ते कंपनीच्या कामाला. मला सगळ्यात आवडला तो कापडाच्या नमुन्यांचा संग्रह. गावातल्या गिरण्यांनी जपलेली नमुन्यांची बाडं. चित्रांइतक्याच मानानं. आपल्याकडे मिल बंद झाली तेव्हा नमुन्यांच्या वह्या कुठं गेल्या? मी स्वतः एका बंद कारखान्याच्या मागं त्या रद्दीच्या वजनकाट्यावर बघितल्यात. दोन वह्या मागून घेतल्या, बाकी गेल्या. अजून डोळ्यासमोर येतात.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी १०:२६

भोंगा, ते दोन वह्यांचे फोटो टाका की ओ. मी पाण्याचं बोललो ते मागं घेत नाही, पण वह्या बघायच्यात.

कागदपेन्सिल | रविवार, सकाळी ११:००

उत्तरेच्या उजेडाचं अगदी खरं. माझ्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला होत्या. चारनंतर स्थिरचित्राची सावली दर दहा मिनिटांनी सरकायची आणि पोरं वैतागायची.

नीट_जपा | रविवार, दुपारी १२:३०

मी मुंबईत एका संग्रहालयात कागद आणि कापड जतनाचं काम करते. सासर अक्कलकोट रोड. मिलचा_भोंगा यांच्याशी अर्धी सहमत, अर्धी नाही, आणि नाही ती बाजू जरा सविस्तर सांगते.

उजेड ज्यानं दिसतं, त्यानंच कापड मरतं. कागद आणि कापडासाठी आम्ही ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जात नाही, तैलचित्राला २०० पर्यंत चालतं. मिलच्या काचांतून येणारा उजेड यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय सोलापूरचा उन्हाळा ४० च्या वर, आणि पत्र्याखाली त्याहून वाईट. गरम-थंड, कोरडं-दमट असं सारखं बदलत राहिलं की सूत आकसतं, सैलावतं, आणि घडीवर तुटतं. त्या शेडमध्ये शिल्पं ठेवा, मोठी चित्रं ठेवा, माग ठेवा. पण ताता यांचे ग्राफ ठेवायचे तर आत दुसरी बंद खोली करा, आणि दर तीन-चार महिन्यांनी मांडलेलं बदला. मागावरचा यांनी बेंगळुरूत 'अंधुक उजेड' लिहिलंय ना, ते यासाठीच.

दुसरं. इमारत मोठी झाली की लोक भिंती मोजतात. आम्ही आधी साठवणखोली मोजतो. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या २० हजारांवर वस्तू, त्यातल्या मांडलेल्या साधारण अडीच हजार. म्हणजे दर आठ वस्तूंमागे सात आत. बहुतेक मोठ्या संग्रहालयांत जास्त वस्तू अशा आतच असतात, त्यात गैर काही नाही, पण त्या सात वस्तू कोरड्या, थंड, कसर नसलेल्या जागेत असायला हव्यात. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला फीत दाराला बांधतात. साठवणखोलीला कुणी बांधत नाही, आणि निधी तिथंच आटतो. हे मी जवळून भोगलंय.

रेल्वेवाला | रविवार, दुपारी १:१५

पाटण्याला पोस्टिंग होती तेव्हाचा अनुभव. तिथलं जुनं पाटणा म्युझियम १९१७ चं. २०१७ मध्ये बेली रोडवर नवं बिहार म्युझियम पूर्ण उघडलं, जपानी वास्तुरचनाकार फुमिहिको माकी यांच्या फर्मचं काम. लांबलचक, ऐसपैस, आत मोकळी अंगणं. दीदारगंजची यक्षी, ती प्रसिद्ध प्राचीन दगडी मूर्ती, जुन्यातून नव्यात नेली. नव्यात ती काय दिसते म्हणून सांगू! चारही बाजूंनी फिरून बघता येतं, दगडाची चकाकी डोळ्यात भरते. पण जुन्या म्युझियममधले माझे ओळखीचे चहावाले काका म्हणायचे, "घरातली थोरली लेक सासरी गेली." ते दोन्ही खरं वाटायचं मला.

भुईकोटचा_बुरूज | रविवार, दुपारी १:४०

रेल्वेवाला, हाच माझा मुद्दा. मोठी इमारत करताना छोटी जागा मारू नका. भैया चौकात डॉ. कोटणीसांचं घर आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांमधले एक, १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्या घरात त्यांच्या वस्तू बघताना जे होतं ते दहापट मोठ्या दालनात होणार नाही, कारण जिन्याचा कठडा त्यांच्याच घरचा आहे.

चार_पुतळे | रविवार, दुपारी २:०५

पैशाचं काय? बेंगळुरूचं खाजगी देणगीतून झालंय, आपल्याकडे कोण देणार?

मागावरचा | रविवार, दुपारी २:५०

@चार_पुतळे, बरोबर. अभिषेक पोद्दार यांनी स्वतःचा संग्रह देऊन ते उभं केलं. पण त्याचीही एक गोष्ट तिथं ऐकली. त्याच रस्त्यावर सरकारी वेंकटप्पा आर्ट गॅलरी आहे. २०१६ च्या सुमारास ती पोद्दार यांच्याच संस्थेला दत्तक द्यायची योजना होती, तेव्हा गावातल्या चित्रकारांनी रस्त्यावर बसून विरोध केला, आमची सार्वजनिक जागा आमच्याकडेच राहू द्या म्हणून. शेवटी गॅलरी सरकारकडेच राहिली आणि यांनी स्वतःची इमारत बांधली. आता दोन्ही जागा एकाच रस्त्यावर आहेत. मला वाटतं भांडण चांगल्यासाठीच झालं.

आणखी एक राहिलं. तिथं अंध लोकांसाठी काही कलाकृती उठावात करून ठेवल्यात, हात लावून बघायच्या. एक बाई बोटांनी बघत होत्या, डोळे मिटून मीही लावला हात. ताता शेवटची सहा वर्षं मोतीबिंदूनं जवळजवळ अंध होते, आणि चादर अंगठ्याखाली धरून कोणत्या मागवाल्याची ते सांगायचे.

पद्मा_साखरपेठ | रविवार, दुपारी ४:२०

पहिल्यांदाच लिहितेय. माझे वडील जेकार्डची कार्डं पंच करायचे. कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. ग्राफवर एक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. ग्राफची एक आडवी ओळ वाचायची आणि तिचं एक पुठ्ठ्याचं कार्ड करायचं. जिथं धागा वर उचलायचा तिथं भोक, नाही तिथं कोरं. हजार ओळींचा ग्राफ असेल तर हजार कार्डं, रंग वाढले की आणखी. मग ती दोरीनं ओवून माळ करायची आणि मागावर चढवायची. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच ठिपका.

वडील ओळ वाचताना पट्टी ठेवायचे आणि तोंडानं म्हणायचे, "तीन उचल, दोन सोड, एक उचल." आम्ही बहिणी त्या चालीवर दोरीच्या उड्या मारायचो. आता संगणकावर होतं सगळं. ती कार्डं आईनं थंडीत पाणी तापवायला बंबात घातली. तिला बोल लावू नका, जागाच नव्हती घरात.

भिंतीवर काय लावायचं विचारलंत ना. चादर लावा, पण शेजारी तिचा ग्राफ आणि कार्डांची माळ पण लावा. आणि ज्यांनी केलं त्यांचं नाव. चादरीवर कारखान्याचं नाव विणतात, डिझाईनवाल्याचं कधीच नाही.

कागदपेन्सिल | रविवार, दुपारी ४:४१

पद्माताई, "तीन उचल, दोन सोड" वाचून उठून अंगणात फेऱ्या मारून आलो. बत्तीस वर्षांत कितीतरी विद्यार्थी पूर्व भागातून आले, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ही माझी चूक.

मिलचा_भोंगा | रविवार, संध्याकाळी ५:१०

ताई, कार्डं जळली तरी ग्राफ असेल तर कार्डं पुन्हा करता येतात. आणि नुसती चादर असेल तर भिंगाखाली धागे मोजून ग्राफही परत काढता येतो. वेळखाऊ आहे, पण होतं. मी केलंय.

शेंगाचटणी | रविवार, संध्याकाळी ५:३०

मागावरचा, मग ट्रंक उघड की बे! दहा वर्षं काय मुहूर्त बघलालास?

नीट_जपा | रविवार, संध्याकाळी ५:४८

थांबा, घाईनं उघडू नका. पंखा बंद ठेवा. जमिनीवर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा, हात धुऊन कोरडे करा. घड्या एकदम उलगडू नका. कागद कडकडला तर तिथंच सोडा. चिकटपट्टी लावू नका, कितीही फाटला असला तरी. उन्हात वाळवू नका. डांबरगोळ्या कागदावर टाकू नका. प्रत्येकाचा वरून सरळ फोटो घ्या, आणि कापड असेल तर घडी न घालता जाड नळीवर गुंडाळा, मध्ये धुतलेली मलमल. शंका आली तर मला विचारा, उशीर झाला तरी चालेल.

चार_पुतळे | रविवार, संध्याकाळी ६:०२

माझ्या दुकानात मोठ्या आकाराचा स्कॅनर आहे, नकाशे स्कॅन करतो आम्ही. पैसे नकोत. सकाळच्या बोलण्याचा राग धरू नका कुणी.

पंढरीची_लेक | रविवार, संध्याकाळी ६:४०

दादा, राग कसला. स्कॅन झाले की इथं टाका, मी इथल्या मुलांना दाखवते.

मागावरचा | रविवार, रात्री १०:५५

उघडला. नीट_जपा यांनी सांगितलं तसंच केलं, पंखा बंद, घाम टपकू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून. एकूण ६३ ग्राफ निघाले. पाच-सहा कसरीनं चाळणी केलेत, बाकी धड आहेत. वरच्या कोपऱ्यात प्रत्येकावर तारीख आणि खाली ताता यांची तेलुगू सही. पद्माताई, नाव आहे. विणलं नाही कुणी, पण त्यांनी लिहून ठेवलंय.

सगळ्यात मोठा मोराचा आहे, चार कागद खळीनं जोडलेले. चौकोन इतके बारीक की मला चष्मा घालून मोजता येईनात, त्यांनी ते एकेक करून भरलेत, लाल, हिरवा, पिवळा. मोराच्या मानेपाशी मात्र सात ओळी हिरव्याऐवजी निळ्या आहेत. मला वाटलं रंग उडाला. कडेला पेन्सिलीनं तेलुगूत काहीतरी लिहिलंय. मला बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून अत्तेला व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन जवळ धरायला लावला, दोनदा वाचलं आणि सांगितलं: "हिरवी शाई संपली. दुकान बंद. निळा भरला. निळाच बरा दिसतो, राहू दे."

आमच्या घरी जी चादर आहे तिच्यावर मोराची मान निळीच आहे.

चार_पुतळे | रविवार, रात्री ११:०४

उद्या सकाळी दुकान साडेनऊला उघडतो, तुम्ही नऊला या. मोर आधी करू. गुंडाळून आणा, घडी घालू नका.